चटणीच्या डब्यावरचा पासवर्ड

आमच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा पासवर्ड सध्या चुडाव्याला, आत्याच्या स्वयंपाकघरात, शेंगदाण्याच्या चटणीखाली आहे.

इथं पूर्णेलाच रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांना विसरायची सवय. म्हणून ते रोजची कामं स्वतःच्याच आवाजात मोबाईलवर नोंदवून ठेवत. ती सगळी रेकॉर्डिंग त्यांच्या ऑनलाइन खात्यात होती आणि आई रोज सकाळी चहाबरोबर त्यातलं एक ऐकायची. एक ऐकल्याशिवाय कप तोंडाला लावत नसे. खात्याचा पासवर्ड बाबांनी दारामागच्या कॅलेंडरवर लिहिलेला. दूधवाल्यालाही पाठ होता!

मी पडलो ग्रंथपाल. असला उघडा कारभार मला सहन होईना. पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. तीन सॉफ्टवेअर समोर ठेवली, तेवीस रकान्यांचा तक्ता आखला आणि पंधरा दिवस तुलना केली.

“पोरगी बघायला गेलतास तवा इतकं इचारलं न्हवतंस,” आई म्हणाली.

“आन् त्याचं मी भोगायलेय!” आतून बायकोचा आवाज. (मी तक्त्यात डोकं घातलं.)

अखेर सर्वांत कडक सॉफ्टवेअर जिंकलं. त्याचा बाणाच मला भावला: मुख्य पासवर्ड विसरलात, तर आम्हीसुद्धा काही करू शकत नाही! मग बाबांच्या खात्याला मी त्या सॉफ्टवेअरनेच तयार केलेला, मलाही न दिसलेला पासवर्ड लावला. कॅलेंडर फाडलं. (बाबांचा मोबाईल नंबर तर आधीच बंद केला होता, म्हणजे ओटीपी यायचीही भानगड नाही. केवढा हा नीटनेटकेपणा!) मुख्य पासवर्ड तेवढा चिठ्ठीवर लिहून आईला दिला. “अशा जागी ठेव, की पुसणार नाही, हरवणार नाही.”

तीन महिन्यांनी मोबाईल अपडेट झाला आणि त्याने मुख्य पासवर्ड मागितला. मला त्यातलं एकही अक्षर आठवेना.

“आई, ती चिठ्ठी?”

“फेकली की. डब्यावर कोरून घेतलं ना.”

“कशावर?”

“भांड्यावर नावं टाकणारा आलता दारावर. नव्या डब्याच्या बुडाला टाकून घेतलं. पुसायचं काम न्हाई. आन् कोरलेलं भांडं कुठंबी जाऊ दे, घरी परत येतंय.”

“कुठं गेलंय?”

“चुडाव्याला. वन्संला चटणी दिली त्यात.”

“अगं, परत येतं ते नावामुळं! ह्याच्यावर नाव कुठंय?”

आईने कप बाजूला सारला. समोरच्या चहावर साय धरली होती. बाबांचा आवाज माझ्या तेवीस रकान्यांत अडकला होता! मी आत्याला फोन लावला.

“आत्या, डब्याच्या बुडाला काय लिहिलंय?”

“त्ये व्हय? मला वाटलं कंपनीचा नंबर हाय. थांब, उलटा करते... आगं बया! चटणी सांडायली!”

“सांडू दे! वाच!”

“मला इंग्रजी कुठं येतंय रं? आकडे तेवढे येत्यात. पयली जिलबी हाय.”

“जिलबी?”

“गोल वेटोळं रं!” (ते @ निघालं.) “मंग सात. मंग फुली-गोळ्याची चौकट. मंग चांदणी. मंग खुर्ची.”

“खुर्चीचं तोंड कुणीकडं?”

“पूर्णेकडं!”

मी चारही दिशांना खुर्ची फिरवून पाहिली. चौथ्या प्रयत्नाला ती h निघाली आणि खातं उघडलं. आईने पहिलंच रेकॉर्डिंग लावलं आणि घरात बाबा बोलले:

“दही आणायचं. मनोहरला सांगायचं न्हाई. त्यो सगळ्या दुकानांची तुलना करीत बसंल, तवर दह्याचं ताक व्हईल.”

आई इतकी हसली, की पदराने डोळे पुसावे लागले. तिकडे फोनवर आत्याही हसत होती, आणि नाकही ओढत होती. सायीसकट चहा आईने एका घोटात संपवला.

“डबा परत लावून देऊ का रं?” आत्याने विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, “नगं वन्सं, तुमच्याकडंच असू द्या. हितं ह्यो काय करील सांगता येत न्हाई.”

मी निमूटपणे तक्त्यात चोविसावा रकाना वाढवला: ‘मनोहरपासून सुरक्षित आहे का?’ तिन्ही सॉफ्टवेअर नापास. आत्या तेवढी पास.