एच नसलेला बुलडाणा

बुलढाण्याच्या त्या सायबर कॅफेत दुपारी चारच्या सुमारास टेबलावर उजेडाची अक्षरं यायची. माझ्या पाठीमागच्या खिडकीची काच कधीतरी फुटली होती आणि मालकांनी तिथं एक जुना पत्रा ठोकून दिला होता. पत्र्यात अक्षरं कोरलेली. त्यातून ऊन आत शिरायचं आणि कीबोर्डवरून, वहीवरून, माझ्या मनगटावरून सावकाश सरकत भिंतीकडं निघून जायचं. अक्षरं उलटी पडायची, त्यामुळं मी ती कधी वाचलीच नाहीत. मला वाटायचं, नक्षी असेल. राज्यशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या बाईनं दोन महिने डोळ्यांसमोरची अक्षरं नक्षी समजावीत, यावरून माझ्या अभ्यासाची प्रत कळावी.

आमचं घर देऊळघाटला. सकाळची कामं आटोपली की काळीपिवळीत बसून मी बुलढाण्याला यायचे. पावसाळा सरत आला होता, रस्त्यावर धुकं असायचं, आणि त्यातून बैलांची शिंगं आधी दिसायची, बैल मागून. मी अर्धवट झोपेत असायचे. माझा विषय होता बियाणं. शेतात काय पेरायचं हे गावात कोण ठरवतं, आणि बीटी कपाशी आल्यावर हे ठरवणं कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, असा. तिसऱ्या प्रकरणात एक पान आईचं होतं. माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारून लिहिलं होतं, ‘लेखी आधार द्या किंवा पान काढा.’ दिवाळीच्या आत प्रबंध जमा करायचा होता. पान काढलं असतं तरी प्रबंधाचं काही बिघडत नव्हतं. पण ते पान म्हणजे आईकडं मागायची राहिलेली माफी होती, आणि हे मी सरांना सांगू शकत नव्हते.

आईचं माहेर सोनाळा, घाटाखाली, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिथल्या बायका पेरणीआधी सरकी चोळायच्या. कापूस काढून घेतला तरी सरकीला बारीक लव राहते आणि एक दाणा दुसऱ्याला धरून बसतो. मग तो सरत्यातून, म्हणजे पेरायच्या नळीतून, एकेक पडत नाही, गुच्छानं पडतो. म्हणून सरकी बाजेवर पसरायची, तिला शेणाचा काला नि राख लावायची आणि सुंभाच्या विणीवर तळहातानं गोल गोल घासायची. आई हे काम डोळे मिटून करायची. त्या वेळी ती घरात असूनही घरात नसायची. मी लहानपणी बाजेखाली निजून वरून पडणारी राख पाहायचे आणि मला ते फार आवडायचं.

बीटीचं पहिलं पाकीट आमच्याकडं आलं तेव्हा मी अकरावीत होते. आई पहाटे उठली, पाकिटं फोडून बाजेवर ओतली आणि नेहमीसारखं शेण-राख घेऊन चोळायला बसली. ते बी आधीच साफ केलेलं, गुळगुळीत, औषध लावून गुलाबी केलेलं. त्याला लव नव्हतीच. शेण नुसतं वर बसलं आणि गुलाबी रंग आईच्या हातावर आला. तेवढ्यात काका अंगणात आले.

“अवो वहिनी, बीटीले काऊन शेण लावून राह्यल्या? ते काय घर आहे का सारवाले?”

शेजारच्या बायका जमल्या, हसू झालं. काकांचं एक वेळ सोडून देते, त्यांना हसायला निमित्त लागत नाही. पण मी काय केलं? मी पाकीट उचललं आणि सगळ्यांसमोर त्यावरच्या सूचना मोठ्यानं वाचून दाखवल्या. बियाण्यावर प्रक्रिया केलेली आहे, असं मी शाळेतल्या बाईंच्या सुरात वाचलं. पुन्हा हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं मीच हसले. आईनं हात धुतले, पण रंग काही लगेच गेला नाही. कुणी आलं की ती हात पदराखाली घ्यायची. त्यानंतर बियाण्याबद्दल ती कधी बोलली नाही. पुढं मी अभ्यासासाठी विचारायला गेले तेव्हा म्हणाली, “राहू दे. आता कोनाले हसवाचं आहे?”

तर सरकी चोळण्याच्या त्या पानाला मला आधार हवा होता. ग्रंथालयातली पुस्तकं संपली आणि मी इंटरनेटवर आले. आधी वाटलं, तिथं सगळं फुकट मिळतं. मग कळलं की चांगले लेख दार थोडं उघडतात, सारांश दाखवतात आणि आत यायचे पैसे मागतात. हळूहळू मागची दारं सापडली. विद्यापीठांनी ठेवलेले जुने प्रबंध. जनगणनेचे तक्ते. कुणालाही वाचायला मोकळी ठेवलेली संशोधनाची मासिकं. ज्यांचे हक्क संपले अशी, परदेशातल्या ग्रंथालयांनी पान पान करून उतरवून ठेवलेली पुस्तकं. आणि सगळ्यांत साधा उपाय म्हणजे लेखकालाच पत्र टाकायचं. मी मोडक्या इंग्रजीत ईमेल लिहायचे आणि कुठल्या तरी दूरच्या गावाहून माणूस आपला अख्खा लेख पाठवून द्यायचा, वर अभ्यासाला शुभेच्छा. अशा दिवशी मी घरी येईपर्यंत काळीपिवळीत एकटीच हसत असायचे.

पण आईचं पान तसंच अधांतरी. वऱ्हाडाचं इंग्रजी नाव टाकलं की तह, फौजा आणि महसूल यांचा ढीग पडायचा. त्यात आपलं गाव कुठं शोधायचं? जिल्ह्याचं नाव टाकलं की गेल्या काही वर्षांतले लेख यायचे आणि प्रत्येक लेखात संकट. खोटं नव्हतं ते. आमच्या आसपास ते घडतच होतं, बाहेरची माणसं प्रश्नावल्या घेऊन यायची आणि आम्ही चहा ठेवायचो. पण ते वाचता वाचता मला वाटू लागलं की आमचा जिल्हा जणू बीटीच्या पाकिटातूनच निघाला. त्याआधी इथं कुणी राहत नव्हतं, कुणाला काही येत नव्हतं. मला राग यायचा. मग त्या उजेडाच्या अक्षरांकडं बघत मी बसून राहायचे आणि राग विरून जायचा.

एके दिवशी चार वाजता लाईट गेली. भारनियमनाची वेळ दुसरीच होती, पण त्या काळी वेळेचं कुणी मनावर घेत नसे. संगणकांचे पडदे काळे झाले, पंखा थांबला, बाकीचे लोक उठून गेले. मालक दाराशी खुर्ची टाकून बसले. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो. मी करायला काही नाही म्हणून वहीचं एक कोरं पान फाडून उन्हात धरलं. अक्षरं पानावर उतरली. मी ते पान खिडकीकडं तोंड करून वर धरलं, आणि पातळ कागदातून ती मला सुलटी दिसली. बी, यू, एल, डी. मी हसले, अरे, हे तर आपल्या गावाचं नाव. पुढं ए, एन, ए. सात अक्षरं. माझ्या हिशेबानं आठ हवी होती.

“चाचा, पत्र्यात एक अक्षर कमी आहे.”

“कोनतं?”

“डीच्या पुढचा एच.”

चाचा उठून आले. “कमी नाही बेटा. आमचे दादा, अब्बाचे अब्बा, मलकापूरले कापसाच्या गाठीवर ठसा मारत. हा जिल्ह्याचा ठसा आहे. तवा एवढंच लिवत होते. इंग्रजायले ‘ढ’ बोलता येत नव्हता का काय, खुदा जाने. अन् दादा बी बुलडाणाच म्हनत.”

आम्ही मराठीत आजही कुठं ड लिहितो, कुठं ढ लिहितो आणि त्यावरून कटकट करतो. पण मी इतके दिवस यंत्राला जे नाव विचारत होते, ते त्या जुन्या पुस्तकांना ठाऊकच नव्हतं. चूक पुस्तकांची नव्हती. मी त्यांना परक्या नावानं हाका मारत होते.

साडेपाचला लाईट आली. मी एच गाळून नाव टाकलं, पुढं कापूस, पेरणी, बी. त्या काळी पान वरून खाली हळूहळू उघडायचं. आधी पिवळट कडा, मग एकेक ओळ. ते इंग्रजांच्या अमदानीतलं सरकारी पुस्तक होतं, कुठल्या तरी सातासमुद्रापलीकडच्या ग्रंथालयानं जपलेलं आणि माझ्यासाठी फुकट उघडं ठेवलेलं. पेरणीच्या भागात दोन वाक्यं होती. सरकी खाटेवर पसरून तिला शेण-माती लावून घासतात, म्हणजे दाणे सुटे होतात, अशा अर्थाची. दोनच वाक्यं. मी ती इतक्यांदा वाचली की अक्षरं पुसट झाली, कारण मी रडत होते.

“काय झालं बेटा? पास झाली का?” चाचांनी विचारलं.

“माझी आई पास झाली, चाचा.”

त्यांना काही समजलं नसणार. पण त्यांनी प्रिंटर सुरू केला.

दुसऱ्या दिवशी मी कुठं गेले नाही. आई ओसरीत तुरी निवडत बसली होती. मी तिच्यापुढं बसून तिला आधी पत्र्याची गोष्ट सांगितली, गळलेल्या अक्षराची. मग कागद काढला आणि ती दोन वाक्यं मराठीत आणून वाचली. तिचे हात थांबले.

“खाट नाई,” ती म्हणाली. “बाज. खाटेले पट्टी असते, पट्टीवर सरकी घसरते. सुंभच पाह्यजे.”

“त्यानं खाटच लिहिलंय.”

“अन् राख?”

मी पुन्हा पाहिलं. “राख नाही लिहिली.”

“मंग कोन्या बाईनं सांगतलंच नसन त्याले. दुरून पाहून गेला असन. शेणानं लव बसते, पन राखेनं दाना सुटा होते. नुसत्या शेणानं त गोळा होईन.” सुपातल्या तुरी तिनं बाजूला सरकवल्या आणि रिकाम्या सुपावर तळहात गोल फिरवून मला दाखवलं, किती दाबायचं नि कुठं सोडायचं. डोळे मिटले होते. मी कितीतरी वर्षांनी तिला तशी पाहत होते, घरात असून घरात नसलेली. मी लिहून घेत होते आणि मला भीती वाटत होती की ती मधेच थांबेल.

ती थांबलीच. “तू बी हसली होती,” ती म्हणाली.

“हाव.”

“पाकीट वाचून दाखोलं होतं सगळ्यायले.”

“चुकलं माझं, आई. तेव्हाच चुकलं होतं.”

तिनं तळहात उलटे-सुलटे करून पाहिले, रंग अजून आहे की काय असं. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

“आता हे बी तूच वाचून दाखोलं,” ती म्हणाली आणि पुन्हा तुरी ओढून घेतल्या.

सरांनी ते पान ठेवलं. त्याच्या तळाशी दोन आधार आले, एक त्या सरकारी पुस्तकाचा आणि दुसरा, बाजेसाठी नि राखेसाठी, आईच्या नावाचा. प्रबंध टाईप होत होता त्या दिवशी मी तिला सांगितलं की आता हा इंटरनेटवर जाईल, जगात कुणालाही पैसे न देता वाचता येईल.

“कोनाले बी?”

“हाव, कोनाले बी.”

तिनं माझ्या हातातलं ते टाईप केलेलं पान घेतलं. तिला वाचायला वेळ लागतो. आपल्या नावावर बोट ठेवून ती एकेक अक्षर पुढं गेली, मग पहिल्यापासून पुन्हा.

“नीट पाहून घे बाई,” ती म्हणाली. “एखादं अक्षर कमी पडलं त मी कोनाले सापडनार नाई.”