नाक ‘सरि’ करून घेणं

आम्ही मैसूरचे मराठी लोक बोलता बोलता ‘सरि’ म्हणतो. कन्नडमधून आलेला हा शब्द ‘ठीक आहे’ म्हणूनही चालतो आणि ‘नीट’ म्हणूनही. त्यामुळे धाकटी बहीण फोनवर म्हणाली, “अक्का, लग्नाआधी पोरीचं नाक सरि करून घेतो,” तेव्हा मला ते चष्म्याची दांडी नीट करून आणण्याइतकं किरकोळ वाटलं. नवऱ्यामुलाच्या आत्याला माझ्या भाचीचं नाक बसकं वाटलं होतं. भाचीला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

क्लिनिकमधल्या बाईने संमतीपत्र पुढे ठेवलं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, नाकातल्या पडद्याला भोक, वास जाणं, श्वासाला अडथळा, पुन्हा शस्त्रक्रिया. एकेका ओळीवर बोट ठेवून ती विचारायची, “सरि ना, अम्मा?” आणि बहीण भाजीवाल्याला म्हणावं तसं म्हणायची, “सरि, सरि.” भाचीने सही केली. मी विम्याच्या ऑफिसात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावते. त्या दिवशी मी घड्याळ बघत होते.

शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी कुवेंपुनगरला बहिणीकडे गेले. खोलीत शिरताच फुलदाणीतल्या कुजलेल्या पाण्यासारखा वास आला. भाची उशीला टेकून बसली होती आणि एका नाकपुडीतून पिवळट पू ओठापर्यंत ओघळला होता. बहीण मोबाइल पुढे करून म्हणाली, “साइडने बघ, किती सरि दिसतं!”

“अगं, ताप आहे तिला. हात लावून बघ.”

“सुम्ने, उगाच घाबरवू नको अक्का. सूज आहे ती.”

पुवापेक्षा मला त्या फोटोची किळस आली. भाचीला रिक्षात घातलं आणि दुसऱ्या, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पू काढला, पण तोवर दोन नाकपुड्यांमधला पडदा आतून सडला होता. त्याला भोक पडलं. आता आत खपल्या धरतात, त्या मिठाच्या पाण्याने धुऊन काढाव्या लागतात. जोरात श्वास घेतला की एक नाकपुडी आत चिकटते आणि शिट्टी वाजते.

पहिल्या डॉक्टरांनी सही केलेला कागद काढून दाखवला. “सगळं सांगितलं होतं.” आणि पुढे लगेच, “वर्षभराने पुन्हा करू. तेव्हा टोकही जरा उचलू.” त्या माणसाच्या टेबलावरचं पाणीसुद्धा मला प्यावंसं वाटलं नाही.

घरी आल्यावर बहीण म्हणाली, “मुलाकडच्यांना काही सांगायचं नाही. बाहेरून दिसत नाही ना, अल्वा?”

भाचीने मोबाइल उचलला आणि स्पीकर लावून त्या आत्यालाच फोन केला. “आत्या, नाक झालं. पण श्वास घेताना शिट्टी वाजते. ऐकवू?”

“अय्यो, लग्न मोडेल गं!” बहीण मोबाइल हिसकायला धावली.

“मोडू दे. रात्रभर तोंड उघडं टाकून झोपते मी, आई. घसा सुकतो.”

पलीकडून आत्या म्हणाल्या, “काय वाजतं?”

भाचीने तोंड घट्ट मिटलं, मोबाइल नाकाशी धरला आणि श्वास आत ओढला.