आईचा मरणाचा सीन

“मला मारतायत!” आईने फोनवर सांगितलं.

मी कॉलेजच्या कँटीनमध्ये होते. “अरे वा! कधी?” मी विचारलं, आणि समोर बसलेल्या मैत्रिणीचा इडलीचा घास हातातच राहिला.

नटांच्या घरात वाढलं की अशी वाक्यं सहज तोंडातून जातात. माझे आई-बाबा दोघंही मालिकांमधून कामं करतात. पोस्टरवर हिरोच्या कोपराआड ज्यांचा अर्धाच चेहरा दिसतो, त्यांच्यातले. आई तेव्हा एका मालिकेत थोरल्या काकू होती. थोरल्या काकू मोठ्या घराण्यातल्या, त्यामुळे झोपेतूनही नथ आणि तोड्यांसकट उठायच्या. त्यांचं मुख्य काम जिन्यात उभं राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं. आई वर्षानुवर्षं त्या जिन्यात उभी होती. तो जिना कुठेच जात नव्हता. थोड्या पायऱ्या झाल्या की प्लायवूड संपायचं आणि पलीकडे लाइटवाले पंखा लावून डबा खात बसलेले असायचे. अख्खा वाडा तळवलीच्या बाजूला एका बंद कारखान्याच्या शेडमध्ये उभा होता. घराण्याची प्रतिष्ठा पुढून पॉलिश केलेली होती, मागून तिला खिळे होते.

बाबा डॉक्टर. म्हणजे मालिकांमधले. कधीकाळी एका मालिकेत त्यांनी पांढरा कोट चढवला, तो पुन्हा उतरलाच नाही. कोट स्वतःचा, स्टेथोस्कोपही स्वतःचा, त्यामुळे निर्मात्यांनाही सोयीचं. खोलीतून बाहेर यायचं, चष्मा काढायचा आणि म्हणायचं, “पुढचे चोवीस तास फार महत्त्वाचे आहेत.” हे वाक्य त्यांनी इतक्या मालिकांत म्हटलंय की आमच्या नेरूळच्या सोसायटीतले लोक त्यांना लिफ्टमध्ये गाठून ब्लडप्रेशरच्या गोळ्यांबद्दल विचारतात. वाईट म्हणजे बाबा उत्तर देतात. “मीठ कमी करा,” म्हणतात, आणि घरी येऊन लोणच्याची बरणी उघडतात.

तर आईला मारत होते, आणि तिला आभाळ ठेंगणं झालं होतं. कारण मरताना थोरल्या काकूंना बोलायला होतं. चांगली लांबलचक, पानंच्या पानं. घराण्याचं एक पाप त्या कबूल करणार होत्या, धाकट्या जावेची माफी मागणार होत्या, सुनेच्या हातात किल्ल्या देणार होत्या आणि मग मान टाकणार होत्या. आईने तरुणपणी नाटकं केली होती. त्यानंतर तिच्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं वाक्य होतं, “अगं बाई, हे कधी झालं?” आता मरायच्या निमित्ताने का होईना, तिला अभिनय करायला मिळणार होता.

घरात तालमी सुरू झाल्या. सकाळी मी डोसा खाता खाता सून व्हायचे.

“रड ना,” आई सोफ्यावरून मरता मरता म्हणायची.

“चटणी तिखट आहे, येतंच आहे पाणी.”

“आणि किल्ल्या घेताना हात थरथरू दे. दुधाची पिशवी घेतल्यासारखी काय घेतेस!”

आमच्या धंद्यात एक रीत आहे. मेल्याचा शॉट झाला की नटाने उठून कॅमेऱ्यात बघून मोकळं हसायचं. हसलं नाही तर म्हणे अपशकुन होतो. देव-दैव न मानणारे नटही हे हसू चुकवत नाहीत. आईने ते हसूसुद्धा आरशात करून पाहिलं. सेटवर वाटायला पेढेही स्वतःच वाशीहून आणले. स्वतःच्या मरणाचे पेढे स्वतः निवडून घेणारी बाई मी तेवढी एकच पाहिली.

त्याच भागासाठी डॉक्टर हवा होता, म्हणून बाबांनाही बोलावलं. नवराच डॉक्टर म्हटल्यावर आई खूश झाली. मला सुट्टी होती, मीही गेले.

त्या दिवशी हॉस्पिटल लागलं होतं. म्हणजे घराण्याच्या देवघरासमोर हिरवा पडदा ओढला होता. पडद्यामागे खाटेवर आई, नाकात नळी, डोळे मिटलेले, ओठ मात्र हलत होते. ती वाक्यं घोकत होती. पडद्याबाहेर सगळं घराणं लग्नाला निघाल्यासारखं नटून चिंतेत उभं होतं. बाबांनी बाहेर येऊन फक्त म्हणायचं होतं, “त्यांच्याकडे फार वेळ नाही. भेटून घ्या.” मग सगळे आत जाणार आणि आई बोलणार.

“ॲक्शन!”

बाबा बाहेर आले. चष्मा काढला. सुनेने विचारलं, “डॉक्टर, काकू कशा आहेत?”

बाबा म्हणाले, “पुढचे चोवीस तास फार महत्त्वाचे आहेत. आत कुणालाही सोडू नका.”

पडद्यामागून खाट करकरली.

“कट! सर, काय बोललात?” दिग्दर्शकाने विचारलं.

बाबांचा चेहरा मी पाहिला. अभिनय नव्हता तो. आपण काय म्हणालो हे त्यांना स्वतःलाच तेव्हा कळलं होतं. “सॉरी, सॉरी. सवयीने गेलं. परत घेऊ.”

परत घेतलं असतं तर ही गोष्टच उरली नसती. पण चॅनलची एक मुलगी तिथे मॉनिटरसमोर बसली होती. वयाने माझ्याहून थोडीच मोठी, आणि तिच्या शब्दावर सेट हलायचा. ती उठून उभी राहिली. “एक मिनिट, एक मिनिट. मारायचं कशाला? कोमा करू या ना! कोमात खूप स्कोप आहे.”

पडद्यामागून आईचा आवाज आला, “कोणाला?”

मुलगी फोनवर बोलत बाहेर गेली आणि आत आली तोवर थोरल्या काकू कोमात गेलेल्या होत्या. आईने नाकातली नळी काढली, पडद्याबाहेर आली आणि भर सेटवर बाबांना म्हणाली, “अहो, आयुष्यात एकदा मरायला मिळत होतं मला. तेवढंही बघवलं नाही तुम्हाला?”

आई एरवी बाबांना ‘अरे-तुरे’ करते. ‘अहो’ आलं की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

पेढे तसेच घरी परत आले.

मग आई कोमात जाऊ लागली. रोज तळवलीला जायचं, नथ घालायची आणि पडून राहायचं. ज्यांना तिने मरताना बोलून दाखवायचं होतं, ते सगळे तिच्या छातीवर डोकं ठेवून आपापली भाषणं करून गेले. धाकट्या जावेने माफी मागितली. सुनेने स्वतःहून किल्ल्या घेतल्या. तिचे ग्लिसरीनचे अश्रू आईच्या कानात जायचे आणि आईला ते पुसता यायचे नाहीत. “काकू, श्वास जरा कमी घ्या, पोट हलतंय,” असं दिग्दर्शक सांगायचा. एकदा ती खरंच झोपली. घोरणं रेकॉर्ड झालं, तेव्हा कुठे युनिटला तिची दखल घ्यावीशी वाटली.

घरी ‘अहो’ चालूच होतं. “अहो डॉक्टर, आमटी गरम करून घ्या. पुढची पाच मिनिटं फार महत्त्वाची आहेत.” बाबा मुकाट्याने आमटी गरम करायचे. तिची समजूत घालायला त्यांच्याकडे वाक्य नव्हतं. लेखकाने दिलेलं एक होतं, ते त्यांनी वाया घालवलं होतं.

आईची आशा मात्र सुटली नव्हती. कोमातून उठल्यावर तरी मारतीलच की! वाक्यं ती विसरत नव्हती. भांडी लावताना पुटपुटायची.

आणि एका आठवड्यात मालिका बंद झाली. शेवटच्या भागात घाईघाईने थाटाचं लग्न लागलं. सगळे नाचले. थोरल्या काकूंचं काय झालं, हे कुणी विचारलंही नाही. एवढं मोठं घराणं, मुलीच्या लग्नात हॉस्पिटलमधलं माणूस विसरून गेलं. आईने टीव्ही बंद केला आणि वाटाणे सोलायला घेतले.

त्यानंतरच्या रविवारी सारसोळ्याच्या कोळीवाड्यातली मावशी आली. दर रविवारी ती मासळीची पाटी घेऊन आमच्या मजल्यावर येते. आईने दार उघडलं. मावशीने पाटी उतरवली आणि कोलंबीवरचं फडकं काढायच्या आधी विचारलं, “बाय, तुजा काय झाला गो शेवटी? मेलीस का जगलीस? मी रोज बगत व्हते, आमाना काय कललाच नाय.”

आई भांडं हातात घेऊन उभी राहिली. एवढ्या दिवसांत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

“काय सांगू मावशी,” ती म्हणाली.

तेवढ्यात आतून बाबा आले. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी. दारात थांबले. चष्मा काढला. मावशीकडे बघून, अगदी हळू आवाजात म्हणाले, “त्यांच्याकडे फार वेळ नाही. भेटून घ्या.”

आईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. भांडं माझ्या हातात दिलं. चपलांच्या कपाटावर बसली, भिंतीला डोकं टेकलं आणि सुरू झाली. घराण्याचं पाप कबूल केलं. माफी मागितली. मावशी धाकटी जाऊ झाली, हे तिला सांगावं लागलं नाही. ती आईचा हात धरून “आसू दे, आसू दे” म्हणत होती. समोरच्या फ्लॅटमधले काका, ज्यांच्याशी पार्किंगवरून आमचं बोलणं बंद आहे, तेही येऊन उभे राहिले. किल्ल्या खुंटीवर होत्या, त्या मी दिल्या आणि आईने त्या मलाच परत दिल्या. माझा हात थरथरला. कसा, ते माहीत नाही. मग तिने मान टाकली.

मावशीने पदराने डोळे पुसले.

आईने एक डोळा उघडला. “भेटून घ्या म्हणायच्या आधी थांबायला हवं होतंस,” ती बाबांना म्हणाली. “घाई केलीस.”

“थांबलो होतो गं.”

“नाही थांबलास.”

मग तिला काहीतरी आठवलं. ती उठली, आमच्या मजल्यावर सोसायटीने लावलेल्या सीसीटीव्हीखाली जाऊन उभी राहिली आणि वर बघून सगळे दात दाखवत हसली.

“बरा झाला, सुटलीस एकदाची,” मावशी म्हणाली आणि पाटीवरचं फडकं काढलं. “आता कोलंबी घेतेस का?”