लाँचच्या इंजिनाचा हिरवा रंग

ऑइलपेंटचा वास आला की आमच्या तलावावरची जुनी, केबिनवाली लाँच आठवते. लाँच मच्छीमार सोसायटीची. चालवायचे माझे वडील. दुष्काळात चेअरमननं तिचं इंजिन दुरुस्तीला म्हणून उमरग्याला नेलं. त्या उन्हाळ्यात गावात एकट्या त्याचाच ऊस हिरवा राहिला. पावसाळ्याच्या तोंडावर इंजिन परत आलं, तेही हिरवंगार रंगवून. वडलांनी बसवायच्या आधी, इंजिन गार ठेवायला पाणी ओढणाऱ्या नळीत बोट घातलं. तलावाचा गाळ काळा. बोटाला लागला पिवळा मुरूम. "चेअरमनसाब, इंजिन उमरग्याला गेलतं म्हणं, मग तुमच्या विहिरीचा मुरूम ह्यात कसा आला?" चेअरमन म्हणाला, "रंग वला हाय, हात नका लावू." आजही दुरुस्त होऊन आलेल्या वस्तूचा रंग मी बघत नाही, आधी बोट घालतो.