गावोगावच्या पेट्या आणि माझी एक

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी सोलापुरात एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि सुट्टीच्या दिवशी एका कीर्तनकार बाईंच्या साथीला पेटी वाजवायला गावोगाव जात होते. बाई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांचं सामान म्हणजे एक पिशवी. "वाटेत ओझं नको," म्हणायच्या. "जिथे कीर्तन तिथे पेटी असतेच. देवळात नसली तर भाड्याने आणतात."

पेटी असायची, पण ती कशी असायची हे मला विचारा. एकीच्या पट्ट्या दाबता दबत नसत, एकीचा भाता दम्याच्या माणसासारखा धापा टाकायचा. बाईंचं नमन सुरू होण्याआधीच्या पाच मिनिटांत समोरच्या पेटीच्या खोडी ओळखायच्या, आणि जरा ओळख होतेय तोवर परतीची एसटी. घरी माझ्याकडे पेटी नव्हती. मधल्या सुट्टीत शाळेच्या पेटीवर हात फिरवायचा, तेवढाच रियाज. बोटं मात्र स्वस्थ नसत. भाकरी थापताना, वह्या तपासताना, जिथे असेन तिथे ती काहीतरी वाजवत असत.

मग वेळापूर झालं. देवळात दुपारचं कीर्तन होतं. पेटी कुठे आहे विचारलं, तर व्यवस्था पाहणारे गृहस्थ म्हणाले, "हाय की. पर लई दिस कुणी उगडली न्हाय." मी ती उघडून वाजवून बघितली. मध्यम स्वराची पट्टी चिकटलेली होती. भाता हलवला की तो सूर आपोआप बोलायचा. बाईंनी द्रौपदीचं आख्यान लावलं होतं. सभेत ती कृष्णाचा धावा करते त्या जागी बाई थांबल्या, सगळं देऊळ गप्प झालं, आणि माझ्या पेटीतून तो मध्यम लांबलचक रडला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी भाता सोडून दिला. पुढचा तासभर बाई नुसत्या तबल्यावर गायल्या आणि मी त्यांच्या मागे हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

परतताना एसटीत मी म्हणाले, "बाई, मी स्वतःची पेटी घेणार."

"घे की," बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "घेऊन जाणार कुठे?"

"तुमच्याबरोबरच. आणखी कुठे?"



घरी वडिलांना ते पटेना. "उद्या लग्न ठरलं तर? सासरी पेटी चालेल का म्हणून विचारत बसायचं? भाड्याने मिळतेय ती वस्तू विकत कशाला?" त्यांचं अगदीच चुकत होतं असंही नाही. शाळा सुटली की मी पेट्या बनवणाऱ्या एका म्हाताऱ्या चाचांच्या दुकानात जायची, एक पेटी वाजवून बघायची, उठायची, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायची. असे आठ-दहा दिवस गेले. शेवटी चाचाच वैतागले. "बेटी, घर ले जा. आठ दिन बजा. नको लगी तो वापस ला."

पेटी घरी आली. पहिले दोन दिवस वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते मघाचं पुन्हा वाजव." पेटी परत गेली नाही.

तिला घेऊन पहिल्यांदा गेले ती अक्कलकोटला. कंडक्टर म्हणाला, टपावर टाका. मी ऐकलं नाही. सगळी वाट मांडीवर धरून बसले, गुडघे काळेनिळे झाले. पण त्या दिवशी हाताला काही शोधावं लागलं नाही. गाताना बाई ज्या सुरावर जातील तिथे मी आधीच पोचलेली असायची. कीर्तन संपल्यावर तिथल्या महिला भजनी मंडळाच्या एक बाई पेटीवर हात ठेवून म्हणाल्या, "सोताची हाय काय? मग कर्नाटकाकडं या की हो आमच्याबरोबर. चार गावं हायत."

"येईन की," मी लगेच म्हणून गेले.

आमच्या कीर्तनकार बाई शेजारीच पाणी पीत होत्या. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "जा तू. मला राग नाही. पण हो म्हणण्याआधी एकदा माझ्याकडे बघायचं होतंस."

मला रडू आलं. मी म्हटलं, मी जाणार नाही. दोन महिने गेलेही नाही. पण मंडळाचं पत्र आलं आणि ते मी दिवसातून चारदा काढून वाचू लागले. दिवाळीच्या सुट्टीत गेले. मग पुन्हा गेले. बाईंनी साथीला एक गृहस्थ धरले. आमच्यात भांडण असं झालंच नाही, फक्त रविवार वेगळे झाले.

वर्षभराने सोलापुरातच बाईंचं कीर्तन होतं. मी बायकांत बसून ऐकलं. पेटी भाड्याची होती, गृहस्थ अर्ध्या मात्रेने मागे राहत होते, आणि माझी बोटं पदराखाली चालली होती. संपल्यावर पाया पडले.

"साथ कशी झाली?" बाईंनी विचारलं.

"छान झाली."

"खोटं बोलू नकोस," त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "येत्या रविवारी मोकळी आहेस का गं?"

मी मंडळाबरोबर इंडीला जाणार होते. तसं सांगितलं.

"बरं," बाई म्हणाल्या आणि झांजा पिशवीत ठेवू लागल्या. त्यांनी पुन्हा विचारायच्या आत मी निघाले. घरी कसली घाई नव्हती, तरी रस्ताभर जवळजवळ धावतच गेले.