आमचा सर्व्हर दिसतोय का बघा!

साखर कारखान्यात साखर पोत्यात भरून निघून जाते आणि मागे बगॅसचा, म्हणजे उसाच्या चोथ्याचा, ढीग उरतो. आमच्या नोकरीचंही तसंच झालं. केलेली कामं कुठल्या कुठे गेली, ते कॉम्प्युटर भंगारात गेले, किस्से मात्र साचत राहिले. जुन्यातले दोघं-तिघं भेटले की कुणीतरी म्हणतंच, "ए, तो काट्यावरच्या पवारांचा सांग की!" आणि मग चहा वाढतो.

तर हा इस्लामपूरच्या पुढचा एक सहकारी कारखाना. नाव घेत नाही, कारण यातली माणसं अजून माझ्या घरी येतात-जातात. काळ नव्वदच्या दशकाच्या अखेरीचा. कॉम्प्युटर विभागात आम्ही चौघं. साहेब म्हणजे वाईचे देसाई. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, चढलाच तर तो खोकला असायचा. वायरिंगला कुंडलचे शेळके, सैन्यातल्या सिग्नल्समधून हवालदार म्हणून रिटायर झालेले. सुनंदा पाटील जवळच्याच गावची. डाटा एंट्रीला लागली आणि बघता बघता सर्व्हर सांभाळायला लागली. आणि साताऱ्याहून आलेला डिप्लोमावाला शहाणा तो मी.

नव्या सर्व्हरला मंजुरी मिळेना, म्हणून देसाई साहेबांनी एका मासिकाबरोबर फुकट आलेली सीडी घेतली, एका जुन्या मशीनवर लिनक्स चढवलं आणि त्यावर सांबा नावाचा प्रोग्रॅम टाकला. त्या नावावरून काय काय विनोद झाले ते सोडा. या सांबामुळे लिनक्सवरच्या फायली विंडोजच्या कॉम्प्युटरला आपल्याच वाटतात. म्हणजे, वाटायला पाहिजेत! विंडोजवर 'नेटवर्क नेबरहूड' उघडलं की त्यात आमचा सर्व्हर दिसायला हवा. तो कधी दिसायचा, कधी गायब. दिवसभर आम्ही फोनवर एकच वाक्य बोलायचो, "आमचा सर्व्हर दिसतोय का बघा!"

यात सगळ्यात जास्त जीव अडकला होता सुनंदाचा. ती हंगामी होती. गाळप संपलं की घरी. एमडींनी, म्हणजे कारखान्याच्या कार्यकारी संचालकांनी, सांगून ठेवलं होतं, हा फुकटचा सर्व्हर हंगामभर नीट चालला तर तिला कायम करायचा विचार करू, नाहीतर सगळं काम पुण्याच्या कंपनीला देऊन टाकू. आणि तिच्या वडिलांनी घरात सांगून ठेवलं होतं, "कायम झालीस तर बघू. न्हाईतर वैशाखात अक्षता." दोन्हीकडून मुदत एकच! त्यामुळे सर्व्हर गायब झाला की आम्ही वैतागायचो, ती मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. ते बघवायचं नाही.

*

पहिला पवारांचाच सांगतो. पवार म्हणजे वजनकाट्यावरचे क्लार्क.

रोज दुपारी सगळं नेटवर्क बंद पडायचं आणि थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायचं. तेव्हा ऑफिसपासून काट्यापर्यंत एकच काळी केबल होती आणि सगळे कॉम्प्युटर तिलाच जोडलेले. तिच्या शेवटच्या टोकाला एक छोटं टोपण लागायचं. ते काढलं की शेवटचा एकच नाही, सगळेच कॉम्प्युटर मुके!

शेळके एका दुपारी केबल धरून चालत निघाले. मी मागोमाग. काट्याच्या केबिनमध्ये पवार भाकरी खात बसलेले आणि टोपण टेबलावर, ठेच्याच्या शेजारी.

"पवार, ह्ये काय?"

"त्ये व्हय? त्ये शेवटालाच हाय की. त्याच्या फुडं मशीन न्हाई काय न्हाई, मग टोपण कशाला? मी जेवतो तवर त्यालाबी जरा वारं लागू दे म्हनलं."

शेळके ताठ उभे राहिले. "पवार, रांगेतला शेवटचा जवान पोस्ट सोडून जेवाय गेला, तर पलटणीचं काय हुतं, ठावं हाय का?"

पवारांचा घास हातातच राहिला. काय होतं ते न विचारताच त्यांनी टोपण जागेवर बसवलं.

पुढच्या आठवड्यात मी काट्यावर गेलो तर टोपणाला काळा दोरा बांधलेला आणि त्यात लिंबू-मिरच्या ओवलेल्या. पवार म्हणाले, "आता हात लावायची कुनाची टाप न्हाई, सायेब!"

खरंच, त्या टोकाला पुन्हा काही बिघडलं नाही. मी देसाई साहेबांना भीत भीत सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "तांत्रिकदृष्ट्या हरकत नाही."

*

चीफ अकाउंटंट माने साहेबांना विंडोज अठ्ठ्याण्णवचा कोरा कॉम्प्युटर आला. त्यांच्या कारकुनांकडे जुनीच मशीनं. झालं असं, की जुन्या मशीनवरून सर्व्हर उघडायचा आणि साहेबांच्या नव्यावरून पुन्हा पुन्हा पासवर्ड मागायचा.

माने साहेबांनी देसाईंशी बोलणं सोडलं. मला म्हणाले, "माझ्या हाताखालच्या पोरांना आत घेतो आणि मला दारात उभं करतो तुमचा सर्व्हर! राजकारण कळतं हो मला."

राजकारण काही नव्हतं. नवं विंडोज पासवर्ड सांकेतिक भाषेत पाठवत होतं आणि आमचा सर्व्हर साध्या भाषेतल्याची वाट बघत होता. हे त्यांना समजावणार कोण? शेळके गेले.

"साहेब, तुमच्या मशीननं कोडवर्ड बदलला आन् गेटवर कळवलंच न्हाई. मग संतरी साहेबालाबी अडवनारच की! चांगला संतरी हाय, म्हनून तर अडवला."

हे साहेबांना पटलं. आम्ही सर्व्हरलाही ती सांकेतिक भाषा शिकवली. त्यासाठी सगळ्यांना सुनंदापुढे बसून आपापला पासवर्ड पुन्हा टाकावा लागला. माने साहेबांनी कीबोर्डवर रुमाल धरून टाकला.

महिन्याभराने ते भाचीच्या लग्नासाठी रजेवर निघाले, तर हातात लाखेनं सील केलेलं पाकीट. "पासवर्डचा चार्ज. कुणाकडे देऊ?"

सुनंदा म्हणाली, "साहेब, पासवर्डचा चार्ज देत न्हाईत."

"अहो, मग मी रजेवर असताना पासवर्डने करायचं काय?"

शेवटी सुनंदाने पाकीट घेतलं आणि पोचपावती दिली.

*

शेतकी अधिकाऱ्यांचा किस्सा लहान आहे, पण गोड आहे.

सर्व्हरवरची फाईल जो आधी उघडेल ती त्याच्या ताब्यात. बाकीच्यांनी नुसती बघायची. हे साहेब सकाळी ऊस नोंदणीची फाईल उघडायचे, केबिनला कुलूप लावायचे आणि मोटरसायकलवरून शिवारात निघून जायचे. इकडे नोंदणी करायला आलेली माणसं दिवसभर ताटकळत बसलेली. सुनंदाला त्यांची कीव यायची. शेवटी तिने सर्व्हरवरूनच साहेबांचं कनेक्शन तोडायचं शोधून काढलं आणि तोडलं.

दुसऱ्या दिवशी साहेब तणतणत आले, "माझी फाईल बंद करायची हिंमत कुणाची झाली?"

सुनंदा शांतपणे म्हणाली, "आवं साहेब, गॅसवर दूध ठिवून कोन शिवारात जातंय का?"

साहेब आले तसे परत गेले. पण माणूस दिलदार! त्या दिवसापासून मोटरसायकलला किक मारण्याआधी त्यांचा फोन यायचा, "सुनंदाताई, दूध उतरवलंय!"

*

सर्व्हरवर 'सार्वजनिक' नावाचं एक फोल्डर होतं. सगळ्यांनी उघडावं, सगळ्यांनी ठेवावं. आपल्याकडे सार्वजनिक म्हटल्यावर काय होणार! डिस्क भरली. सुनंदा आणि मी साफ करायला बसलो. भजनं निघाली, क्रिकेट स्पर्धेचे नियम निघाले, कुणाच्या तरी बारशाची निमंत्रणपत्रिका निघाली. हसत हसत उडवत होतो. आणि एका फाईलवर तिचंच नाव!

तिचा लग्नाचा बायोडाटा. वडिलांनी कामगार कल्याण विभागाच्या लोखंडेंकडून टाइप करून घेतला होता आणि लोखंडेंनी तो भाबडेपणाने सार्वजनिकमध्ये ठेवला होता. काट्यापासून डिस्टिलरीपर्यंत कुणीही उघडून बघावा. उंची, वर्ण गव्हाळ, शिक्षण बी.कॉम. आणि खाली, 'नोकरी: हंगामी. लग्नानंतर सोडेल.'

मला फार वाईट वाटलं. तिच्याकडे बघायचं धाडस होईना. मी म्हटलं, "उडवून टाक."

"उडवून काय हुतंय? आण्णा दुसरा करून घेतील." तिने कीबोर्ड पुढे ओढला. मग तिने ती ओळ खोडून नवी लिहिली, 'नोकरी: चालू आहे. सोडणार नाही.' आणि त्या फाईलला परवानगी अशी लावली, की वाचायची सगळ्यांनी, बदलायची फक्त तिने.

"वाचू दे की सगळ्यास्नी," ती म्हणाली.

पुढच्या प्रती त्याच फाईलवरून निघाल्या. सांगलीकडचे पाहुणे बघायला आले. मुलाच्या मामाने कागद वाचला, चष्मा सारखा केला, परत वाचला. "पाटील, ह्ये सोडनार न्हाई म्हंजे काय?"

तिच्या वडिलांनी कागद हातात घेतला. स्वतः दिलेला कागद ते पहिल्यांदाच वाचत होते. घडी घालून मामाच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "कॉम्प्युटरनं काडलंय, पावणं. त्यात चूक न्हाई हुत."

*

आता शेवटचा.

हंगाम संपत आला होता. एमडींनी पुण्याच्या कंपनीला त्यांचा सर्व्हर घेऊन बोलावलं. कारखान्याचे चेअरमन स्वतः बघणार आणि तिथंच ठरवणार. कंपनीकडून कामत नावाचा इंजिनिअर आला. टाय लावलेला, पण माणूस साधा. त्याने आपलं मशीन आमच्याच वायरीला जोडलं. रंगीत पडदा, सुंदर चित्रं. शेजारी आमचा सर्व्हर, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं.

चेअरमन आले, खुर्चीत बसले. "पोरी, आदी आपलं दाव."

सुनंदाने नेटवर्क नेबरहूड उघडलं. आमचा सर्व्हर नाही! कामतचं मशीन मात्र दिसतंय. तिने बंद करून पुन्हा उघडलं. नाही. अकाउंट्सला फोन केला, शेतकीला केला. एकच उत्तर, "दिसत न्हाई."

एमडी म्हणाले, "बघा साहेब. मी म्हणत होतोच."

सुनंदाने हात मांडीवर घेतले. देसाई साहेब नुसते खोकले. शेळके केबल तपासायला वाकले, पण केबलमध्ये काही नाही हे त्यांना ठाऊक होतं. हंगामभर राबून नेमकं आजच!

तेवढ्यात कामत बोलला. "एक मिनिट. यांचा सर्व्हर चालू आहे. हे माझ्यामुळे झालंय."

एमडींनी त्याच्याकडे असं बघितलं, की दुसरा कुणी असता तर तिथंच गप्प बसला असता. कामत बोलत राहिला. "साहेब, एका वायरीवरचे कॉम्प्युटर आपापसात निवडणूक घेतात. जो जिंकतो तो सगळ्यांच्या नावांची यादी ठेवतो. कोण कोण आहे ते बाकीचे त्यालाच विचारतात. इतके दिवस यांचा सर्व्हर निवडून येत होता. मी माझं मशीन लावलं, त्याचं वजन जास्त, म्हणून ते निवडून आलं. आणि त्याच्या यादीत यांचं नाव अजून चढलेलं नाही."

चेअरमन इतका वेळ कंटाळून पंख्याकडे बघत होते. आता त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "निवडणूक? कवा आसती?"

"कधीही. नवीन कुणी आलं की."

"आन् ह्यो सभासद कवा झाला?"

"कोण, साहेब?"

"तुमचं मशीन. सकाळी आलं, शेअर न्हाई, उसाचं एक टिपरू घातलं न्हाई, आन् दुपारी निवडून?"

सगळे हसले. कामतही मनापासून हसला. सुनंदा हसली नाही. ती उठून सर्व्हरपाशी बसली, सेटिंगची फाईल उघडली आणि त्यातला एक आकडा वाढवला. सर्व्हरचं निवडणुकीतलं वजन. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. मग अकाउंट्सचा फोन आला आणि पाठोपाठ शेतकीचा. आमचा सर्व्हर दिसायला लागला होता, कामतच्या मशीनच्या शेजारी.

कामतने हळूच टाळी वाजवली. शेळक्यांनी तर सुनंदाला चक्क सॅल्यूट ठोकला.

चेअरमन उठले, टोपी सारखी केली. दारापर्यंत गेले आणि थांबले.

"पोरी, आता यादी कुनाकडं?"

"आपल्याकडं, साहेब."

"आन् तू कायम हायस का हंगामी?"

"हंगामी."

चेअरमन एमडींकडे वळले. "एमडी साहेब, हयात गेली माझी निवडणुकीत. यादी जिच्या हातात, तिला हंगामी ठिवत्यात व्हय?"