घोडीचं तोंड
दातांच्या दवाखान्यात दाढ घासल्याचा करपट वास आला, की पुणतांब्याची आमची टांग्याची घोडी आठवते. दुष्काळाचं साल होतं. ती कडबा चघळून तसाच खाली टाकायची. सासऱ्यांनी जनावरांच्या दुखण्यावर डाग देणाऱ्याला बोलावलं. त्यानं लांबूनच बघून सळई तापत ठेवली. मी घोडीपुढं उभी राहिले. "आधी तिचं तोंड उघडून बघा." सासरे म्हणाले, "बाईमानसाला काय कळतंय त्यातलं?" "न्हाई कळत, मामा. पन न बघता डाग देऊ देनार न्हाई." दावं सोडून मी तिला चालवत तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जबड्यात हात घातला. दाढेच्या धारेनं गाल आतून सोलला होता. त्यांनी ती धार कानशीनं घासली, आणि थोड्याच दिवसांत घोडी नीट खाऊ लागली. सासरे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मीही माफी मागितली नाही, आणि अजूनही मागणार नाही.